लेझर टेबलावर होता

पंखा जरा कमी करा, ऐकू येत नाही. हं. ही माझ्या साडूच्या बाबतीत घडलेली गोष्ट. तो थापा मारणाऱ्यांतला नाही. उलट त्याच्याकडून चार शब्द काढायचे म्हणजे घाम फुटतो. दवाखान्यांतली मशीनं दुरुस्त करतो.

गेल्या वर्षी, अकरा जानेवारी. रात्री साडेनऊला फोन आला. मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात लॅब आहे, तिथलं लेझरचं मशीन बंद पडलेलं. हे मशीन जंतू ओळखतं. पोलादी पट्टीवर जंतूंचा ठिपका लावायचा, पट्टी आत सरकवायची, आतली हवा खेचून घ्यायची आणि लेझर मारायचा. ठिपक्यातले रेणू सुटतात ते माणसाएवढ्या उंच नळीतून पळत सुटतात. हलके आधी पोचतात, जड मागाहून. त्यावरून पडद्यावर सुळके उमटतात आणि सुळक्यांवरून जंतूचं नाव कळतं.

दारातच डॉक्टरीणबाई उभी. वयानं साडूच्या मुलीएवढी, डोळे लाल.

"काका, वरती एक बाळंतीण आहे. तीन दिवस ताप हटत नाही, दोन औषधं वाया गेली. जंतू हाती लागलाय, पण तो कोणता हे कळत नाही. सकाळपर्यंत थांबता येणार नाही हो."

"बघतो," साडू म्हणाला. त्याचं भाषण संपलं.

ती वर गेली. यानं मशीन उघडलं. लेझर पार जळलेला. तो काढून टेबलावर ठेवला. नवा बसवल्यावर तपासायला म्हणून एक कोरी, धुतलेली पट्टी स्वतःच्या हातानं आत सरकवली. पंप चालू केला. मग नव्या लेझरचं खोकं फोडायला बसला.

एक वाजून चाळीस मिनिटं.

टक.

पंपाचा आवाज असेल, त्याला वाटलं.

टक. टक. टक.

हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. लेझर मारताना होतो तो. त्यानं टेबलाकडे पाहिलं. जुना लेझर तिथंच. नवा खोक्यात. वायर मोकळी लोंबतेय...

पडद्यावर एक सुळका उठला. मग दुसरा. कीबोर्डपाशी कुणी नाही. तिसरा. साडू हलला नाही. हलताच येईना.

टक टक थांबली.

पडद्यावर नाव आलं. लांबलचक, जंतूचं.

"चालू झालं?" मागून डॉक्टरीणबाईचा आवाज. साडूनं नुसतं बोट दाखवलं. तिनं वाचलं. मग हळूच म्हणाली, "काका... नमुना तर माझ्या हातात आहे."

होता. बंद डबीत, तिच्या पट्टीवर.

"मग आत काय आहे?"

"काही नाही. कोरी आहे."

...

वरती बाई तापानं फणफणलेली, इथं नाव समोर लिहिलेलं. द्यायचं का औषध, या नावावर? पोरीचा हात फोनकडे गेला. परत आला.

"नाही," ती म्हणाली. "असं नाही देता येणार. तुम्ही लेझर बसवा. मी इथंच थांबते."

एक स्क्रू साडूच्या हातून तीनदा पडला. कोरी पट्टी बाहेर काढून त्यानं न बघताच बाजूला ठेवली. तीन वाजून दहा मिनिटांनी तिचा नमुना आत गेला.

तेच नाव. अक्षर न् अक्षर तेच.

पोरगी जी धावली, ती दार उघडं टाकून.

औषध बदललं. चौथ्या दिवशी बाळंतीण उठून बसली, बाळाला घेतलं. डॉक्टरीणबाई मात्र पुन्हा त्या खोलीत एकटी बसली नाही. आणि साडू त्या हॉस्पिटलचा फोन आला की बायकोच्या हातात देतो.

का, ते त्यानं मला एकदाच सांगितलं.

त्या सकाळी सहाला तो सामान आवरत होता. कोरी पट्टी उचलली. बरं का, मशीनच्या आत हवाच नसते. पाण्याचा थेंब तिथं क्षणभर टिकत नाही. वर पट्टी बाहेर काढूनही तीन तास झाले होते. तिच्यावर ठिपके लावायच्या शहाण्णव गोल खुणा. पंच्याण्णव कोरड्या ठणठणीत.

एकीवर थेंब होता.

त्यानं बोट लावलं.

कोमट होता.