नीलमच्या साडीचा पांढरा रंग

तो उंच, सडपातळ मुलगा लॅपटॉपच्या कीबोर्डवर कान टेकवून, डोळे मिटून वाकलेला होता. आणि संघमित्राला नेमका तोच लॅपटॉप बघायचा होता.

ती थोडी थांबली. मग खाकरली. तो हलला नाही.

"काय म्हणतोय?" तिने शेवटी विचारलं.

त्याने डोळे उघडले. दचकला नाही, उलट कुणीतरी हा प्रश्न विचारेल याची वाटच बघत असल्यासारखा हसला.

"पंखा ऐकत होतो, आतला. जरा घरघरतो."

"लॅपटॉप कोणी ऐकून घेतं का?"

"लोक बघून घेतात. ऐकू मग घरी गेल्यावर येतो."

तो बाजूला सरकला, पण गेला नाही. संघमित्राने पेन ड्राइव्ह लावला आणि फोटो उघडला. फोटो नीलमच्या लग्नातला होता. विहारात वंदनेसाठी हात जोडून बसलेली नीलम, अंगावर पांढरीशुभ्र साडी, खिडकीतून आलेला उजेड अर्ध्या गालावर. नीलम तिची ऑफिसातली मैत्रीण. मुहूर्ताची भानगड नव्हती, हॉल स्वस्तात मिळाला म्हणून सप्टेंबरातच लग्न उरकलं, आणि फोटोंचं काम नीलमने हट्टाने संघमित्राला दिलं. सासरचे म्हणत होते, एखादा खरा फोटोग्राफर बघा. त्यातून नीलमच्या नणंदेचं लग्न जानेवारीत होतं, आणि त्याचं काम संघमित्राला मिळणं या अल्बमवर लटकलेलं होतं.

फोटो झकास आले होते. वाट लागली ती नंतर. संघमित्राच्या जुन्या लॅपटॉपने मान टाकली.

तेव्हापासून ती दुकानं पालथी घालत होती. पवईत दिवसभर विम्याचे क्लेम तपासायचे, आणि सुटल्यावर विक्रोळीला घरी जायचं सोडून कुठल्या ना कुठल्या दुकानात घुसायचं. तिला झेपेल असा, रोजच्या कामाला चालेल आणि फोटोवर काम करताना रंग खरे दाखवेल असा लॅपटॉप हवा होता. एवढंच. पण एका स्क्रीनवर नीलमची साडी हळदीच्या दुधासारखी दिसायची, दुसरीवर नीळ जास्त झालेल्या शर्टासारखी. रंग बरे असतील तर किंमत डोळे पांढरे करणारी. आणि संघमित्राचं आधीच कशात मन ठरत नसे. हॉटेलात मेन्यू हातात आला तरी तिचा जीव कासावीस व्हायचा.

"हा कसा वाटतो?" तो मुलगा मागून म्हणाला.

"पिवळट," ती म्हणाली. मग वळून बघितलं. "तुम्ही अजून इथेच?"

"मलाही घ्यायचाय ना. माझं आवाजाचं काम आहे, साकीनाक्याला स्टुडिओ आहे छोटा. जाहिरातींचे आवाज साफ करतो. घरी काम करताना पंखा ओरडला की डोकं फिरतं." तो थांबला. "अंधेरीला एक चांगलं दुकान आहे. बघायचं का... म्हणजे, तुम्हाला उशीर होत नसेल तर."

त्याचं नाव सर्वेश होतं. घाटकोपरहून मेट्रोत बसेपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं.

मग ते फिरतच राहिले. शनिवार-रविवार तर झालेच, कधी मधल्या वारीही. अंधेरी, मुलुंड, पुन्हा घाटकोपर. सर्वेशच्या स्कूटरवर मागे बसून ती त्याला रॅम कमीत कमी किती हवी ते सांगायची. तो वाऱ्यात ओरडून म्हणायचा, "काय?" आणि ती पुन्हा पहिल्यापासून सांगायची. ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. दुकानांतल्या एसीत शिरलं की तिच्या मानेवरचा घाम गार व्हायचा, आणि सर्वेश बघतोय असं वाटलं की ती उगाच एखाद्या लॅपटॉपचं झाकण उघडबंद करत बसायची.

"तू हे मुद्दाम करतेस," एकदा तो म्हणाला.

"काय?"

"निवडत नाहीस. निवडलास तर फिरणं संपेल ना."

"तूही कुठे निवडलायस?"

"माझा कान फार अवघड आहे," तो म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

तिला रात्री झोप येईना. लॅपटॉपमुळे की कशामुळे, हे तिने स्वतःला विचारलं नाही. नीलम रोज ऑफिसात विचारायची, "कधी दाखवतेस गं?" आणि संघमित्रा विषय बदलायची.

शेवटी बोरिवलीच्या एका दुकानात दोन लॅपटॉपवर गाडी थांबली. एक तिच्या आवाक्यातला होता. वजनाला हलका, चालायला चपळ, आणि सर्वेशच्या मते मांजरासारखा मुका. दुसरा बराच महाग. संघमित्राने स्वस्तातल्यावर नीलमचा फोटो उघडला. बघितलं. मान तिरकी करून पुन्हा बघितलं. मनात कुठेतरी काहीतरी खटकलं... पण तिचं मन सतत खटकतच असे, त्याच्यावर काय विश्वास ठेवायचा?

"सर्वेश, तू बघ. खरं सांग हं. पांढरा बरोबर आहे ना?"

तो पुढे झाला. वाकून, वेळ घेऊन त्याने फोटो पाहिला. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"नक्की?"

"...नक्की."

तिने लॅपटॉप घेतला.

बाहेर पडले तर परतीचा पाऊस कोसळत होता. दोघं एका बंद शटरच्या पत्र्याखाली उभे राहिले, पत्रा अरुंद, आणि खोकं भिजू नये म्हणून दोघांनी ते मध्ये धरलेलं. सर्वेशची बोटं खोक्याखाली तिच्या बोटांवर होती. त्याने ती काढली नाहीत. तिनेही नाही.

"आता काय?" ती म्हणाली.

"आता काय म्हणजे?"

"लॅपटॉप तर झाला."

तो काहीतरी बोलणार होता. ओठ उघडलेही. पण चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं आणि तो एवढंच म्हणाला, "पाऊस कमी झालाय. निघू या."

घरी गेल्यावर ती त्या न बोललेल्या वाक्याचा विचार करत फोटोंवर काम करत राहिली. आठवड्याभरात निवडक फोटो छापून आले आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये तिने ते नीलमसमोर ठेवले.

नीलमने फोटो एकेक करून उलटले. "अगं," ती शेवटी हळूच म्हणाली, "मी आजारी दिसतेय का?"

संघमित्राने फोटो हातात घेतला. स्क्रीनवर साडीत किंचित गुलाबी झाक होती. तिने नकळत ती काढत काढत रंग दुसऱ्या टोकाला नेले होते. कागदावर नीलमचा चेहरा हिरवट पडला होता. साडी शेवाळलेल्या भिंतीसारखी.

"सासूबाईंना नको दाखवूया," नीलम म्हणाली. तिने चांगुलपणाने म्हटलं, म्हणून ते जास्त लागलं.

संघमित्रा अर्ध्या दिवसाची रजा टाकून थेट साकीनाक्याला गेली. सर्वेश स्टुडिओच्या जिन्यात खाली आला. तिने लॅपटॉप उघडून त्याच्यासमोर धरला, शेजारी छापलेला फोटो.

"तुला हे दिसलं नव्हतं?"

त्याने दोन्हीकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"नाही दिसलं," तो म्हणाला. "आत्ताही दिसत नाहीये."

"म्हणजे?"

"लाल आणि हिरवा मला नीट कळत नाही. जन्मापासून. हलके रंग तर नाहीच. तुझ्या हातातले दोन्ही... मला सारखेच दिसतात."

जिन्यात गरम होत होतं. वर कुणीतरी एकच वाक्य पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करत होतं.

"मग 'नक्की' का म्हणालास?"

"बाबांना मी लोकलचा मोटरमन व्हायला हवा होतो. डोळ्यांच्या तपासणीत हे निघालं. तेव्हापासून ज्याला सांगावं तो हातात येईल ते समोर धरतो, हा कुठला रंग, तो कुठला रंग. वैताग येतो यार. आणि तुला..." तो अडखळला. "तुला तर रंगच शोधायचा होता. पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर दुसऱ्या दुकानात माझ्याबरोबर आली असतीस?"

"माझं काम होतं ते, सर्वेश. पहिलं काम."

"माहीत आहे."

"नाही. तुला नाही माहीत."

ती लॅपटॉप मिटून खाली उतरली. त्याने हाक मारली नाही, आणि रस्त्याच्या टोकापर्यंत ती हाकेची वाट बघत राहिली याचा तिला स्वतःचाच राग आला.

पुढचे दिवस तिच्या अंगावर मुंग्या चढल्यासारखे गेले. बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. तिची आई शकु दोनदा म्हणाली, "पोरी, एका जागी टेक जरा, घर हलतंय." दुकानदार उघडलेला लॅपटॉप परत घेईना. आणि मग एके सकाळी दात घासताना तिला तो बोरिवलीचा क्षण पुन्हा आठवला. मान तिरकी करून बघितलेलं, मनात खटकलेलं. गुलाबी झाक तिला दिसली होती. तिला, तिच्या डोळ्यांना, आधीच. तरी तिने दुसऱ्याला विचारलं, कारण चुकलं तर ते एकटीच्या अंगावर यायला नको होतं.

ती आरशासमोर तशीच उभी राहिली. मग चूळ भरली आणि कपडे केले.

ती एकटीच मुलुंडला गेली. लॅपटॉपला लावायला एक वापरलेला मॉनिटर बघितला, फोटोवाल्यांकडून आलेला. त्यावर नीलमचा फोटो उघडला. पांढरा पांढराच होता. दुसरं दुकान बघायची इच्छाही झाली नाही. दोन संध्याकाळी बसून तिने सगळे फोटो पुन्हा केले, नमुने छापून आणले, आणि यावेळी नीलमने ते बघून लगेच फोन काढला आणि नणंदेला कँटीनमधूनच व्हिडिओ कॉल लावला.

कामाचं निस्तरलं. अंगातली धडधड मात्र तशीच होती. रविवारी दुपारी ती दिंडोशीला गेली. सर्वेशने एकदा स्कूटरवरून तो राहायचा ती म्हाडाची इमारत लांबून दाखवली होती.

दार त्याच्या आईने उघडलं. विमलाबाई बुटक्या, कपाळावर पीठ लागलेलं. संघमित्राने नाव सांगितलं तशी त्यांची नजर तिच्या गळ्यातल्या बुद्धाच्या पदकावर गेली, तिथे क्षणभर थांबली, आणि परत वर आली.

"बस गो चेडवा. सर्वेश खाली गेलोहा, येतलो इतक्यात. च्याय टाकतंय." आतून त्या मालवणीत बोलतच राहिल्या. "भांडलास काय तेच्याशी? आठ दिस तोंड पाडून बसलोहा."

"थोडंसं," संघमित्रा म्हणाली. "लॅपटॉपवरून."

"लॅपटॉप? तो तर तेना कधीचोच घेतल्यान. नवरात्राच्या आधी."

संघमित्राला आधी समजलंच नाही. "कधी?"

"नवरात्राच्या आधी म्हणतंय ना. थंय टेबलावर आसा बघ."

टेबलावर खरंच होता, झाकणावर बोटांचे ठसे उमटलेला, रोजच्या वापरातला. नवरात्राच्या आधी. म्हणजे पहिल्या भेटीनंतर लगेच. आणि ते सगळे शनिवार, मुलुंड, अंधेरी, मांजरासारखे मुके लॅपटॉप, तो कान अवघड असल्याचं सांगणं...

सर्वेश पाव घेऊन दारात आला आणि तिला बघून तिथेच उभा राहिला.

"खाली जाऊ या," ती म्हणाली.

इमारतीमागच्या कठड्यावर ते बसले, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. समोर पोरं क्रिकेट खेळत होती.

"नवरात्राच्या आधी?" ती म्हणाली.

त्याने कपाळाला हात लावला. "आईने सांगितलं."

"अजून काय काय लपवलंयस?"

"संपलं आता. देवाशप्पथ." तो तळव्याकडे बघत बोलायला लागला. "संघमित्रा, मला तुझ्या साडीचा रंग कळत नाही, ओढणीचा कळत नाही. पण तू दुकानात मागून आलीस तरी न वळता कळतं. तुझी उजवी चप्पल डावीपेक्षा जरा उशिरा उचलते. खोटं बोलणार असलीस की आधी 'अरे' म्हणतेस. आणि बोरिवलीला त्या पत्र्याखाली मी सांगणारच होतो, पण 'नक्की' म्हणून बसलो होतो ना. एक खोटं बोलून लगेच त्याच तोंडाने ते कसं सांगायचं?"

"ते म्हणजे काय?"

"तुला माहीत आहे."

"ऐकून घ्यायचंय. बघून घेऊन फसलेय एकदा."

तो हसला नाही. "तू मला आवडतेस. खूप. आणि हे नक्की."

इतके दिवस अंगात फिरणारं सगळं एका जागी येऊन थांबलं. विचार करून सांगते, असं म्हणायची तिची सवय होती. तिने पर्समधून फोन काढला.

"कोणाला?" तो घाबरून म्हणाला.

तिने बोट ओठांवर ठेवलं. "आई, ऐक. पुढच्या रविवारी एक जण जेवायला येतोय. ... हो, तोच लॅपटॉपवाला. दिंडोशीचा. ... नाही गं, आपल्यातला नाही. मालवणी आहे. ... हो. माहीत आहे मला. ... आई, मी ठरवलंय."

पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली, मग दुसरी. सर्वेशने श्वास धरला होता, आणि दोघांमधलं ते अंतर कधी संपलं हे तिच्याही लक्षात आलं नाही. मग शकुचा आवाज आला, त्यालाही ऐकू जाईल इतका मोठा, "काय खातो तो?"

संघमित्रा त्याच्याकडे वळली. "काय खातोस?"

"काहीही," तो घाईघाईने म्हणाला. "काहीही चालतं मला."

ती नुसती बघत राहिली.

"...कारलं नाही खात," सर्वेश म्हणाला.

"आई," ती फोनमध्ये म्हणाली, आणि हसू आवरता आवरता तिचा आवाज कापला, "कारलं सोडून सगळं."