वाऱ्याच्या खालच्या अंगाला

जर्मनीत वोल्फ्सबुर्गला गाड्यांच्या ब्रेकवर काम करणाऱ्या हरीशला शिकारीचा नाद लागला तो घरमालक ऊवेमुळे. ऊवे बासष्ट वर्षांचा, एकटा राहणारा, मोजकं बोलणारा. त्याच्या मागे लागून हरीशने वर्षभर अभ्यास केला आणि यागडशाइन, म्हणजे शिकारीचा परवाना काढला. बायकोला, कौमुदीला, हे पटलेलं नव्हतं. फोनवर सासूबाईंना ती एवढंच सांगायची, की रविवारी हरीश जंगलात फिरायला जातो.

गावाबाहेरच्या जंगलातले कोल्हे पक्ष्यांची जमिनीवरची घरटी फस्त करत होते. ते कमी करायची जबाबदारी ऊवेकडे होती. त्याच्याकडे एक लाकडी शिट्टी होती. ती फुंकली की जखमी सशाच्या रडण्यासारखा आवाज यायचा. पण अकरा खेपांत कोल्हा आला एकच.

हरीशने इंजिनिअरच्या सवयीने सगळ्या खेपा तक्त्यात मांडल्या आणि चूक त्याच्या ध्यानात आली. दाट झाडीत कोल्हा आवाजाकडे सरळ येत नाही. अर्धं वर्तुळ घेऊन तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि तिथून माणसाचा वास घेतो. म्हणजे शिट्टीवाल्याने एकीकडे बसावं, बंदूकवाल्याने वारा जातो त्या बाजूला. आवाज आधी हळू, मग चढता ठेवावा, आणि जनावर जवळ आलं की नुसत्या श्वासाइतका. पुढच्या तीन खेपांत चार कोल्हे मिळाले. चाळीस वर्षं आपण चुकीच्या जागी बसत होतो, असं ऊवेने मोकळेपणी कबूल केलं.

दोन हजार सोळाच्या जानेवारीतल्या एका रविवारी, दुपारी दोनला, ते पुन्हा गेले. घोटाभर बर्फ होतं. हरीश एका खोडाला पाठ लावून बसला. साठ पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, ऊवे बंदूक घेऊन बसला. हरीशला तो स्वच्छ दिसत होता.

हरीशने शिट्टी फुंकली. थांबला. पुन्हा फुंकली.

समोरच्या झाडीतून तसाच आवाज आला.

प्रतिध्वनी असेल, असं त्याला वाटलं. पण त्याने शिट्टी तोंडातून काढली तरी तो येतच राहिला. आधी हळू, मग चढत. दुसरा कुणी शिकारी असणं शक्य नव्हतं, या भागात परवानगी एकट्या ऊवेला होती. हरीशने त्याच्याकडे पाहिलं. ऊवे उभा राहिला होता. बंदूक त्याने बर्फावर ठेवून दिली होती.

हरीश धावत त्याच्याजवळ गेला.

"ब्रूनो," ऊवे म्हणाला. "अडकलाय कुठेतरी."

ब्रूनो हा त्याचा कुत्रा. ऑक्टोबरात तो गेला, तेव्हा घरामागे दोघांनी मिळून त्याला पुरलं होतं.

"ऊवे, ती शिट्टी आहे. कुणीतरी वाजवतंय."

"माझा कुत्रा मला कळत नाही?"

हरीशने त्याची बाही धरली. लहान मुलाची सोडवावीत तशी ऊवेने त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि तो चालू लागला. हरीशने मागून कमरेला मिठी घातली. दोघेही पडले. ऊवे उठला, अंगावरचं बर्फ न झटकता पुढे निघाला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हरीश तिथे आहे, याचीच जाणीव नव्हती.

तो आवाजाकडे सरळ गेला नाही. उजवीकडे वळला आणि अर्धं वर्तुळ घेऊ लागला, नाक किंचित वर धरून.

ते पाहिल्यावर हरीश त्याच्या मागे गेला नाही. त्याने खूप हाका मारल्या. मग तातडीच्या मदतीचा नंबर, एकशे बारा, लावला. पलीकडची बाई जागा विचारत होती, तो सांगत होता. ऊवे झाडीत शिरला तसा तो आवाज हळू होत गेला.

मग नुसता श्वासाइतका.

मग थांबला.

"तुम्ही लाइनवर आहात ना?" बाईने दोनदा विचारलं.

तासाभरात पोलीस आले, सोबत दोन शोधकुत्री घेऊन. उजेड अजून होता. ऊवेच्या बुटांचे ठसे एका जुन्या बीच झाडापर्यंत गेले होते आणि खोडासमोर संपले होते. चवडे खोडाकडे. पुढे ठसा नव्हता, मागे वळलेला नव्हता. बुंध्याशी बर्फ दबलेलं होतं, खोडाला पाठ लावून कुणी बराच वेळ बसावं तसं. ऊवेचे सोडले तर तिथवर यायचे ठसे मात्र कुठेच नव्हते.

कुत्र्यांना पुढे न्यायचा पोलिसांनी खूप प्रयत्न केला. ती हलेनात. त्या रिकाम्या जागेसमोर दोघंही शांत बसली आणि शेपट्या हलवू लागली.

मग त्यातल्या एकाने मान वर केली आणि डोळे मिटले, गळ्याखाली कुणी हळूहळू खाजवत असावं तसे.