चार, मग सात

मे महिन्यात वाडीत दुपारी दोन ते पाच माणूस दिसत नाही. गोदामांसमोर ट्रक रांगेनं उभे असतात, त्यांच्याखाली सावलीला क्लीनर झोपलेले असतात आणि घराघरांतून फक्त कूलर घरघरत असतात. अशाच एका दुपारी मी पुढच्या खोलीत दादाच्या लॅपटॉपमधले फोटो पेनड्राइव्हवर घ्यायला बसले. दहा मिनिटांचं काम होतं.

प्रेमानंद, माझा मोठा भाऊ, चार वर्षांपूर्वी करोनात गेला. आई त्याच्याही आधी गेलेली. दवाखान्यात जाताना दादा लॅपटॉप चालूच ठेवून गेला, आणि तेव्हापासून बाबांनी तो बंद होऊ दिला नाही. लाइन गेली तर म्हणून त्याच्यापुरता इन्व्हर्टर घेतला. मी पुण्याला इंजिनिअरिंगला होते. सुट्टीत आले की म्हणायची, "बाबा, सगळं उतरवून घेऊ द्या मले. एक दिवस मशीन मरन."

"हात लावू नको. चालू आहे नं? चालू राहू दे."

वस्तू जपायची म्हणजे तिच्यासमोर हात जोडून बसायचं आणि ती सडू द्यायची, ही म्हाताऱ्या माणसांची रीत मला कधीच कळली नाही. त्या दिवशी बाबा जेवून आडवे झाले होते. लॅपटॉपला पेनड्राइव्ह काही केल्या दिसेना. दादाच्या मशीनवरची सिस्टिम, लिनक्स, चार वर्षं जुनी. म्हणून मी अपडेट सुरू केलं. तासाभरानं त्यानं रीस्टार्ट मागितला. मी दिला. क्षणभरही थांबले नाही.

पडदा काळा झाला. डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली. पाच मिनिटं. दहा मिनिटं.

जुन्या मशीनला नवीन कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, कधीकधी झेपत नाही. पण लिनक्स जुना गाभाही शिल्लक ठेवतं. मी बटण दाबून मशीन बंद केलं, सुरू होताना मेन्यू आणला, जुना निवडला. अक्षरं भराभर वर सरकू लागली. मला हायसं वाटलं. मग ती थांबली.

डिस्कचा पासवर्ड द्या.

दादानं डिस्कलाच कुलूप घातलं होतं. चार वर्षं ते उघडं होतं म्हणून कुणाला दिसलं नाही. मी मशीन बंद केलं आणि ते लागलं. त्याचे फोटो, त्याचा आवाज, सगळं आत. किल्ली त्याच्याबरोबर गेलेली.

"बंद काहून केलं वं?"

बाबा मागे उभे होते. ओरडले असते तर मी भांडले असते. ते ओरडले नाहीत.

"बाबा, पासवर्ड... तुमाले मालूम आहे का?"

"मले नाई मालूम." ते खुर्चीवर टेकले. "पण त्याचा आवाज मालूम आहे."

बाबांनी तीस वर्षं गोदामात पोती मोजली. ट्रककडे पाठ करून, नुसत्या पडण्याच्या आवाजावर. दादा रोज सकाळी मशीन उघडायचा तेव्हा ते शेजारच्या खाटेवर डोळे मिटून पडलेले असत. त्यांनी बोटानं टेबलावर वाजवून दाखवलं. चार. जरा थांबा. मग सात. मग शेवटची, जोरात.

"इंजिनेर झाली नं तू? आता काढ."

शेवटची म्हणजे एंटर. उरली अकरा अक्षरं. साल आणि आईचं नाव. साल आणि त्याच्या कॉलेजचं नाव. शाळेचं नाव. प्रत्येक वेळी चूक. साडेतीनला मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले, कारण मला रडू येत होतं आणि ते त्यांना दाखवायचं नव्हतं. बाबा मागोमाग आले. माठातलं पाणी काढून माझ्या हातात दिलं.

तेवढ्यात लाइन गेली. कूलर थांबला. घर एकाएकी इतकं शांत झालं की वाळ्याच्या ओल्या वासाशिवाय काहीच उरलं नाही.

आणि पुढच्या खोलीतून आवाज आला.

टक टक टक टक.

बाबांनी माझं मनगट धरलं.

टक टक टक टक टक टक टक.

मग एक, जोरात.

"बाबा... तुम्ही..."

"मी इथं आहो नं, तुयाजवळ..."

पुढच्या दाराला आतून कडी होती. खोलीत कुणी नव्हतं. पडद्यावर दादाचा डेस्कटॉप उघडला होता.

उकाड्यानं जुन्या कीबोर्डच्या कळा अडकतात, असं मी स्वतःला सांगितलं. आता पेनड्राइव्ह दिसला, सगळं उतरवून घेतलं. बाबा शेजारी बसून होते. शेवटचा फोटो उतरला तेव्हा म्हणाले, "झालं? आता बंद कर."

"काहून?"

"बंद केल्याशिवाय तो येईन कसा?"

तेव्हापासून रोज साडेतीनला बाबा मशीन बंद करून पुन्हा सुरू करतात, कूलरही बंद करतात आणि स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. रोज ते उघडतं. संध्याकाळचं चौकात जाणं सुटलं. बीपीच्या गोळ्या तशाच पडून. मी हात जोडले, "बाबा, चालू राहू द्या नं." माझ्या तोंडून! ते हसले. "उघडून देते अन् जाते वं तो. बसत नाही."

मंगळवारी मी न सांगता लॅपटॉप बॅगेत घातला आणि मैत्रिणीकडे, मेघाकडे, धरमपेठेत घेऊन गेले. ठीक साडेतीनला बाबांचा फोन आला. शिव्या ऐकायच्या तयारीनंच मी उचलला.

"मिनल... बोलू नको. ऐक."

कूलरचा आवाज नव्हता. लॅपटॉप माझ्या मांडीवर होता, बंद. घरी टेबल रिकामं.

फोनमधून आलं. चार. थांबा. सात. शेवटची, जोरात.

आणि मग आमच्या पुढच्या दाराची आतली कडी, हळूच, सरकल्याचा आवाज.

बाबा बोलले. माझ्याशी नव्हे.

"ये गा... बस."