रिकाम्या गाडीचा हॉर्न

धाकट्या काकाला एक वाईट खोड होती. कुठलीही वस्तू म्हणून आहे तशी ठेवायची नाही! पंख्याला निळे दिवे, सायकलला मोटरसायकलचे आरसे, आणि स्वतःच्या गाडीचा सायलेन्सर तर असा, की ती कोपऱ्यावर वळली तरी पाळण्यातली बाळं किंचाळत उठायची. शिवाय मागे पंखासारखी एक फळी ठोकलेली.

"उडणार आहेस का रे?" आजी विचारायची.

"आई, तुला नाही कळायचं. याला मॉडिफाय करणं म्हणतात!"

"वाटोळं करणं म्हणतात!" काकाचा मित्र लगेच तोंड घालायचा. त्याला सगळे ओरिजिनल म्हणत. जुन्या गाडीत एक स्क्रू जरी नवा दिसला, तरी त्या दिवशी त्याला जेवण जात नसे.

दोघांची खरी जुंपायची ती आजोबांच्या गाडीवरून. आजोबा गेल्यापासून ती गॅरेजात चादरीखाली उभी होती. गोल दिव्यांची, फुगीर गालांची. चालकाच्या सीटवर आजोबांच्या बसण्याचा खळगा अजून तसाच होता आणि आरसा त्यांच्याच उंचीला वळलेला. तिला हात लावायचा नाही, हा आजीचा हुकूम.

सुट्टीला आलेली ताई, तिचा भाऊ भोपळ्या आणि शेजारची चिंगी दुपारी जेवायला बसली, तेव्हा गॅरेजातून आवाज आला. पोंऽऽ! लांब, घोगरा, कुणीतरी दमून हाक मारावी तसा.

"आले," आजी म्हणाली, आणि हातही न धुता ताटावरून उठली.

मुलं मागोमाग गेली. दाराच्या फटीतून पाहतात तो काय! आजी गाडीत बसली होती आणि शेजारच्या, चालकाच्या रिकाम्या सीटशी हळू आवाजात बोलत होती. मध्येच थांबायची, उत्तर ऐकल्यासारखी मान हलवायची.

भोपळ्याने ताईचा हात गच्च धरला.

"रोज असंच चाललंय," चिंगी कुजबुजली. "धड जेवत नाही, झोपत नाही. आणि गाडीत बॅटरीच नाहीये! आजीनंच काढायला लावली होती."

आजी घरात गेल्यावर तिघांनी बॉनेट उचललं. बॅटरीची जागा खरंच रिकामी होती. तेवढ्यात, अगदी कानाशी, पोंऽऽ!

"आजोबा, मी काही केलं नाही!" भोपळ्या ओरडला आणि टायरमागे दडला.

ताई मात्र खिडकीकडे बघत होती. "काच आधी थरथरली. बाहेरून वाळूचा ट्रक गेला."

"मग?"

"मग भुताला ट्रक कशाला लागतो?"

ते दबा धरून बसले. ट्रक आला, काच खडखडली, हॉर्न वाजला. पुन्हा ट्रक, पुन्हा हॉर्न! चिंगीने स्टिअरिंगखाली हात घातला आणि चटकन मागे घेतला. "गरम आहे! रबर जळाल्याचा वास येतोय. अगं, आजी रोज याच्याच शेजारी बसते!"

गाडीच्या मागच्या बाजूला चादरीवर धूळ होती, फक्त डिकीपाशी ती बोटांनी पुसलेली. डिकीला कुलूप, आणि किल्ली खुंटीवर नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे पंगतीला असताना ताई म्हणाली, "आजी, आज आम्ही आजोबांची गाडी धुतो. डिकीच्या फटीतून पाइप सोडला की आतलं सगळं स्वच्छ!"

"पाणी नको!" काका ताडकन उठला. "डिकीत बॅटरी—"

त्याने जीभ चावली. ओरिजिनलच्या हातातला घास हातातच राहिला.

डिकी उघडली. आत नवीकोरी बॅटरी होती.

"पुढे मोठं इंजिन बसवायचं होतं," काका पुटपुटला, "म्हणून बॅटरी मागे नेली. नवं स्टिअरिंगही लावून पाहिलं. बसलं नाही, परत जुनं लावलं."

"आणि हॉर्नची तार उघडी ठेवलीस!" ओरिजिनलने स्टिअरिंगखालून करपलेली चिकटपट्टी ओढून काढली. "या गाडीत ती तार पत्र्याला टेकली की हॉर्न वाजतो, बटण दाबावं लागत नाही. जरा हादरा बसला की टेकते. एखाद्या दिवशी पेट घेतला असता, गाढवा!"

त्याने बॅटरी सोडवली. बाहेरून ट्रक गेला. काच खडखडली. सगळे कान देऊन उभे राहिले.

काहीच वाजलं नाही. गॅरेज एवढं रिकामं कधीच वाटलं नव्हतं.

आजीने त्या सीटकडे एकदा पाहिलं आणि मुलांना जवळ ओढलं. "शाबास! मला वाईट वाटेल म्हणून मोठे गप्प बसले असते. तुम्ही नाही बसलात."

"आई," काका खाली मान घालून म्हणाला, "हॉर्न वाजला की तुला बरं वाटायचं, म्हणून बोललो नाही."

आजी ताठ उभी राहिली.

"गाडी खोललीस, ते माफ. पण मी तुझ्या तारेशी संसाराच्या गोष्टी बोलत होते, आणि तू ते ऐकत राहिलास. हे एकदा गेले, ते मी सोसलं होतं. आज दुसऱ्यांदा गेले, ते तुझ्यामुळे."