म्हसवडच्या डोंगरावरचा समुद्र

“मौन धरलंस की हातवारेसुद्धा करायचे नाहीत. ती पळवाट झाली,” सासूबाई सांगायच्या. महादेवाच्या मौनव्रतामुळे त्या सोमवारी दुपारी बारापर्यंत मी पूर्ण मुकी होते. आणि भाऊजींची मोहीम नेमकी त्याच दिवशी निघाली!

माझे दीर कृष्णात, गावाचे नाना, फौजेतून निवृत्त झालेले, दगड जमवायचा नाद. म्हसवडच्या डोंगरावर कातळात खोदलेलं जुनं पाण्याचं टाकं आहे. त्यात बिराप्पा धनगराला लांबून गोगलगाईसारखा वेटोळा दगड दिसला. तेवढ्यावर भाऊजींनी गावाच्या ग्रुपवर टाकलं, ‘आपल्याकडं समुद्र हुता!’ तेव्हापासून पारावरची माणसं विचारायची, “नाना, भरती कवा हाय?” आता दगड दाखवल्याशिवाय त्यांना पारावरून जाणं मुश्कील झालं होतं.

भूगर्भशास्त्र शिकणारी त्यांची मुलगी शिवांजली पुढे, मी डबा घेऊन मागे. बोरीचे काटे, पायाखालून निसटणारा मुरूम, डोक्यावर रणरणतं ऊन. टाकं आटलेलं, तळाशी नुसता गाळ, आणि गाळात तो काळा दगड! भाऊजींनी उडी घेतली. कमरेपर्यंत रुतले! शिवांजलीनं हात दिला. तीही आत!

“काकू, हाक मारा कुणाला तरी!”

मी आकाशाकडे बघितलं. बारा वाजायला अजून अवकाश होता.

“आवं वहिनी, महादेव काय रागावतोय व्हय? मी बुडालो की!”

मी डब्यावर झाकण आपटलं. ठण! ठण! ठण! हे हातवारे नव्हेत, नुसता आवाज, अशी मनाची समजूत घातली. बिराप्पा धावत आला. घोंगडं खाली सोडलं. ओढ! अजून ओढ! दोघं वर आली. भाऊजींच्या मुठीत दगड!

शिवांजलीनं तो धुऊन भिंगाखाली धरला. “अमोनाइट! कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्री जीव. पण बाबा, आपला डोंगर लाव्हाचा. हा इथं आला कसा?”

“पोहत!”

बारा वाजले. मी म्हणाले, “हा शाळिग्राम आहे. असाच एक मी रोज सकाळी न्हाऊ घालते.”

“बरोबर!” शिवांजली ओरडली. “शाळिग्राम म्हणजे अमोनाइटच. नेपाळातून येतात. हिमालय आहे तिथं तेव्हा समुद्र होता.”

बिराप्पानं कान धरले. “मग ह्यो आमच्या साळूबाईचा. पोरं पुण्याला, पूजंला कोन न्हाई, म्हून म्हातारीनं पान्यात सोडला. रोज इचारती, टाक्यात पानी हाय न्हवं? मी आपला व्हय म्हंतो.”

भाऊजींनी शिवांजलीकडून दगड परत घेतला. मग हळूच म्हणाले, “गावाला कुठं कळतंय? वहिनी, तुमचं मौन सांजपतुर वाढवता येत न्हाई व्हय?”

“आणि साळूबाईंना काय सांगू?”

त्यांनी दगड तळहातावर फिरवला. “त्यास्नी म्हणावं, वाहत्या पान्यात सोडतो. उंब्रजला, कृष्णामाईत. आजच.”

मग फोन काढून ग्रुपवर लिहिलं, ‘समुद्र खराच हुता. माझा पत्ता चुकला.’

दगड धुतलेल्या रुमालात बांधला, छातीशी धरला, चिखलाचे बूट तिथंच ठेवले, आणि भाऊजी अनवाणीच उतार उतरू लागले.