शून्य लहरांकाचा माणूस

अख्ख्या देशात लहरांक शून्य असलेला एकच माणूस सापडला, आणि तो निघाला मृण्मयीताई आवटींचा नवरा! मिरजेच्या जनुक केंद्रातून फोन आला तेव्हा ताईंनी कपाळावर हात मारला.

"अहो, तुमच्यासारखा दुसरा माणूस नाही म्हणे देशात!"

"बरं," अनिकेतराव म्हणाले. "भाजी कसली आहे?"

लेक ईश्वरीला तिसरा महिना होता. तिला द्विध्रुवीय विकार. कधी मन उधाणायचं, कधी महिनोन्‌महिने काळोखात बुडायचं. औषधांनी ती सावरली होती, पण बाळाचं काय, या काळजीनं घर पोखरलं होतं. म्हणून घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली होती, आणि आता मायलेकी केंद्रातल्या डॉ. बेडकिहाळांसमोर येऊन बसल्या.

"एकच जनुक दोषी असतं तर केव्हाच दुरुस्त केलं असतं," डॉक्टर म्हणाले. "इथं हजारो जागा आहेत, प्रत्येक जागी चिमूटभर धोका. त्या सगळ्या चिमटींची बेरीज म्हणजे लहरांक. ताडून बघायला एक पूर्ण अळणी माणूस हवा होता, तो मिळाला. पोटातल्या बाळाच्या त्या जागा आपण आजोबांसारख्या करू."

"ह्यांच्यासारख्या?" ताई उडाल्याच. "डॉक्टर, संसार मी केलाय ह्यांच्याशी! अंतरपाट दूर झाला तेव्हा हे मांडवाचे बांबू बघत होते. परवा स्वयंपाकघरात आग लागली, तर म्हणे, विझली की चहा टाक. गाणं नाही, हौस नाही, रुसवा नाही! भांडू कुणाशी मी, भिंतीशी?"

डॉक्टर ओशाळले. "तेही खरंच. याच चिमटींतून उमेद, कल्पना येत असाव्यात. नुसता धोका वेगळा काढणं अजून जमत नाही."

"मग नकोच ते! सगळी पिढी अशी झाली तर बारशाला पाळणा कोण म्हणणार?"

ईश्वरी खदखदून हसली. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि समोरच्या पडद्यावर संमतीचा अंगठा टेकवला.

"अगं ए! वेड लागलं का तुला..." ताईंनी जीभ चावली.

"आई, मी गच्चीच्या कठड्यावर जाऊन बसले होते, आठवतं? तू अजून दचकून उठतेस. बाबा मात्र त्या दिवशी जेवले आणि गाढ झोपले. मला राग नाही आला गं त्यांचा." तिनं पोटावर हात ठेवला. "उद्या मला पुन्हा तसं झालं, तर ह्यालाही तशीच झोप लागू दे."