वाचायला सगळ्यांना

ही हकीकत खरी आहे. भुतांवर ज्यांचा विश्वास नसेल त्यांनी तिच्यातले भूत वगळून वाचावे. उरते तेही पुष्कळ आहे.

२०१९ चा मे महिना. दुष्काळ. आष्टी तालुक्यातल्या एका सहकारी संघाचे भूजल केंद्र. आणि वेळ रात्रीची नव्हे...

भर दुपारची.

आमचे मावसभाऊ त्रिंबकराव तिथला सर्व्हर सांभाळत. जमिनीखाली पाणी कुठे आहे याचा हिशेब करणारे सॉफ्टवेअर त्यावर चाले. नकाशे एका सामाईक फोल्डरमध्ये पडत आणि गावोगावच्या ग्रामपंचायतींत उघडत.

हे सारे सुंदररावांनी उभे केले होते. फोल्डरबाबत त्यांचा एकच हट्ट असे: "वाचायला सगळ्यांना, लिहायला दोघांनाच."

दिवाळीत सुंदरराव गेले. पुढे कामे अडू नयेत म्हणून लिहिण्याची, म्हणजे नकाशे बदलण्याची, परवानगीही सरसकट सगळ्यांना मिळून गेली होती.

त्या सोमवारी संघाचे अध्यक्ष अर्जुनराव आले.

"त्रिंबक, ते फोल्डर बंद कर."

"लिहिणं बंद करतो, साहेब. ते करायलाच पाहिजे."

"वाचणं बी."

"ते कावून?"

"भिवराबाईच्या वस्तीजवळ पाणी दावतोय तुझा नकाशा. माझा बांध तिथंच हाय. शुक्रवारी माझं बोरचं मशीन येतंय. तवर त्यांना दिसू नाही." मग हसले. "सुरक्षेचं काम म्हण की. तुला कोण इचारतंय?"

एरवी त्रिंबकराव स्वल्पविरामासाठीही भांडत. त्या दिवशी भांडले नाहीत. सबब इतकी निर्मळ होती की खोटे बोलण्याचीही गरज उरली नव्हती.

दुपारी भिवराबाई आली. ऊसतोड करणाऱ्यांच्या वस्तीत तिचा शब्द चाले.

"दादा, पंचायतीत नकाशा उघडंना. आमच्याच्यानं एकच बोर व्हतोय बगा. कुटं घ्यावा?"

"सुरक्षेचं काम चाललंय, मावशी. शुक्रवारनंतर बघा."

"सुरक्षा? कुणापासून, दादा?"

त्रिंबकराव पडद्याकडे वळले. तिने पाणी मागितले. माठ कोरडा होता. ती गेली.

आणि पलीकडच्या खोलीतून आवाज आला...

टण्.

त्यांनी तो ओळखला. पाणी पिऊन झाले की सुंदरराव तांब्यावर भांडे पालथे घालत. तोच.

खोली दिवाळीपासून बंद होती. त्यांनी कुलूप काढले. तांब्या नव्हता. भांडे नव्हते. टेबलावर धूळ, आणि धुळीत...

एक ओले वर्तुळ.

परत येऊन पडद्यावर पाहिले. फोल्डर उघडे होते. वाचायला सगळ्यांना. लिहायला दोघांनाच.

मृताचे खाते काढून टाकले की त्याच्या फाइलींवर मालकाच्या नावाच्या जागी नुसता आकडा उरतो. दिवाळीपासून तिथे आकडाच होता. आता तिथे लिहिलेले होते...

सुंदरराव.

त्यांनी पुन्हा बंद केले. मंगळवारी दुपारी, टण्... पुन्हा उघडे. सगळे पासवर्ड बदलले. नेटवर्कची तारही काढली, पण फोल्डर उघडेच. नोंदीत कुणाचे येणेजाणे नव्हते. एखाद्या चोराने सगळेच सताड उघडे टाकले असते. इथे एकही परवानगी जास्त नव्हती, एकही कमी नव्हती. सुरक्षा म्हणतात ती हीच, हे त्रिंबकरावांना कळत होते. त्यांचे कान तापले.

तरीही बुधवारी तार जोडून त्यांनी फोल्डर स्वतःच्या नावावर करायला घेतले. सर्व्हर सांभाळणाऱ्याला ते यंत्र नाही म्हणत नसते.

पडद्यावर उमटले...

परवानगी नाही.

गुरुवारी वस्तीच्या बोरला पाणी लागले. संध्याकाळी अर्जुनरावांचा फोन आला.

"कुनी उघडलं बे?"

"मी नाही, साहेब."

खरेच होते ते.

शुक्रवारी भिवराबाई पहिल्या पाण्याची कळशी घेऊन आली. "बुधवारी नकाशा दिसला, दादा. लई धीराचं काम केलं तुमी. अर्जुनरावाला भेला न्हाई. तुमीच उघडलं ना?"

सांगायचे शब्द तेच होते. मी नाही.

त्रिंबकरावांनी मान खाली घातली. तिला तो विनय वाटला. ती म्हणाली, "कळशी ऱ्हाऊ द्या. सवडीनं वस्तीवर आणा. समदी वाट बगतेत." तिच्यासमोरच ते पेलाभर पाणी प्याले. पिताना कान पलीकडच्या खोलीकडे होते...

आवाज आला नाही. त्या दिवशी नाही. नंतरही कधी नाही.

फोल्डरवर सुंदररावांचे नाव अजून आहे. त्रिंबकराव त्याला हात लावत नाहीत.

कळशीही त्यांच्याच टेबलाखाली आहे. ती घेऊन वस्तीवर जायचे, तर काहीतरी बोलावे लागेल. ते त्यांना आजवर जमलेले नाही.

कळशी कधीच आटली. आतून हात फिरवून पाहतात, कोरडी ठणठणीत असते. पण उन्हाळ्यात, दुपारी, ती उचलली की खालची फरशी...

ओली असते.